‘गॅस भरून बघू’

मे महिन्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही गॅरेजसमोर गाडी लावा आणि ‘एसी गार करत नाही’ एवढंच म्हणा. वाक्य संपायच्या आत उत्तर येतं : ‘गॅस भरून बघू.’ बोनेट उघडलेलं नसतं. गाडी उभी असताना गार होत नाही की चालताना, सकाळी होते आणि दुपारी होत नाही असं आहे का, हवा कमी येते की येते पण गरम येते, यातलं काहीही कुणी विचारलेलं नसतं. आणि त्या वाक्यातला ‘बघू’ फार फसवा आहे. बघू म्हणजे तपासू नव्हे. बघू म्हणजे तुमच्या पैशाने एक प्रयोग करू, लागला तर लागला.

आमच्या गाडीवर हा प्रयोग दोन उन्हाळ्यांत तीनदा झाला. पहिल्यांदा १८०० रुपये, दुसऱ्यांदा १५०० (‘टॉप-अपच मारलाय काका, पूर्ण नाही’), तिसऱ्यांदा २२००. तिन्ही ठिकाणं वेगळी. एक तर चांगलं काचेचं, आत सोफा आणि कॉफीचं मशीन असलेलं होतं. त्यांची नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या ठिकाणीही हेच झालं असतं. आणि खरं सांगायचं तर माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध निम्मीच आहे. उरलेली निम्मी माझ्या वडिलांविरुद्ध आणि त्याहून जास्त माझ्याविरुद्ध आहे.

कारण मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरमधली. माझ्या बॅचच्या निम्म्या पोरांसारखीच. ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ हा विषय मला होता आणि त्यात मार्कही बरे होते. दाब आणि एन्थाल्पीचा आलेख आजही रात्री दोनला उठवलंत तरी काढून दाखवीन. चार रेषा असतात : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्सपान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर. परीक्षेत त्या चार रेषांना दहा मार्क असायचे. पण चार वर्षांत माझ्या हातात एकदाही गेजचा संच कुणी दिला नाही. प्रयोगशाळेत एक ‘रिफ्रिजरेशन टेस्ट रिग’ होती. ती बंद होती, आणि तिच्या वाचनांचे आकडे मागच्या बॅचच्या जर्नलमधून आमच्या जर्नलमध्ये जसेच्या तसे उतरत होते. त्यामुळे गॅरेजवाला ‘गॅस भरून बघू’ म्हणाला तेव्हा मी, प्रथम श्रेणीतला अभियंता, मान हलवून बाजूच्या टपरीवर चहा प्यायला गेलो.

आता त्या चार रेषा साध्या भाषेत सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरच उभं आहे. एसी थंडी तयार करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम डॅशबोर्डच्या आत असलेली कूलिंग कॉइल करते आणि टाकण्याचं काम पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे असलेला कंडेन्सर करतो. मधे हेलपाटे घालतो तो गॅस. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंशांना उकळतो, म्हणून तो अशा हमालीला योग्य. लहान गाडीत तो साधारण चारशे-पाचशे ग्रॅम लागतो. किती लागतो याचा नेमका आकडा बहुतेक गाड्यांत बोनेटखाली एका स्टिकरवर छापलेला असतो. मुद्दाम जाऊन बघा. लिटर नाही, दाब नाही, ‘अंदाजे’ नाही, ग्रॅम.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावायला कारखान्याचं गेट पुरेसं आहे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या गेटवर रांग लावून उभ्या असतात. आत गव्हाणीत मोळी पडण्याचा वेग मंदावला, की रांग मैलभर मागे जाते. अशा वेळी कुणी शहाणा म्हणाला, ‘गाळप कमी होतंय ना? मग अजून शंभर ट्रॉल्या पाठवा’, तर त्याला लोक काय म्हणतील? पण एसीच्या बाबतीत आपण हेच करतो. कंडेन्सरपाशी उष्णता टाकली जात नसेल, तर गॅस वाढवून काही होत नाही. रांग वाढते. म्हणजे दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त कण्हतो, पेट्रोल जास्त जातं आणि आतली हवा आणखी गरम होते.

एसी कमजोर होण्याची कारणं पाच-सात तरी आहेत, आणि त्यांतली बरीचशी लक्षणांवरून वेगळी काढता येतात. हवाच कमी येते पण येते ती गार असते, तर बहुतेक केबिन फिल्टर धुळीने भरलाय. तो अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने बदलता येतो. तासभर छान गार होऊन मग हवा येणंच कमी झालं आणि थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर पुन्हा नीट, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. गेजवर दोन्ही दाब अगदी बरोबर, कॉइलमधून बाहेर येणारी नळी हाताला गारठलेली, तरी जाळीतून कोमट हवा येते, तर हीटरची झडप नीट मिटत नाहीये. गार आणि गरम हवा आत मिसळतेय. खालचा दाब जास्त आणि वरचा कमी, दोघांत फरकच पडत नाही, तर कॉम्प्रेसर थकलाय. दोन्ही दाब कमी असतील तेव्हा, आणि साधारणपणे तेव्हाच, गॅस कमी असतो. मग तो कमी झाला कुठून, हा पुढचा प्रश्न. रबरी नळ्यांतून वर्षाला थोडा पाझरतोच, त्यामुळे सात-आठ वर्षं जुन्या गाडीत गॅस भरावा लागणं यात गैर काही नाही. पण मागच्या मे महिन्यात भरलेला गॅस या मे महिन्यात ‘कमी’ झाला असेल, तर तो गेलेला नाही, गळालेला आहे. आणि गळक्या बादलीत पाणी ओतण्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

आमच्या गाडीचं लक्षण तर इतकं ठळक होतं की आज आठवलं तरी लाज वाटते. तावडे हॉटेलपासून हायवेला लागलो की गाडी गार. शिरोली, पेठ नाका, कराडपर्यंत आई मागून शाल मागायची. आणि तीच गाडी शहरात शिरून दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबली की पाच मिनिटांत जाळीतून घरातल्या पंख्यासारखी हवा. चालताना गार, थांबल्यावर गरम. चालत्या गाडीत कंडेन्सरवर वारा आपोआप बसतो. थांबल्यावर तो वारा पंख्याने द्यायचा असतो. एवढं वाक्य मला सुचायला हवं होतं. दुसऱ्या सत्रातल्या पोराला सुचायला हवं होतं. मी ते लक्षण तिन्ही वेळा गॅरेजमध्ये अगदी कौतुकाने, गंमत म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ मात्र एकदाही लावला नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दुपारी सव्वाबाराला परत येताना स्टेशन रोडवर अडकलो. काचा बंद, कारण ‘एसी चालू आहे, काच उघडू नको, गार हवा जाते’ हा पप्पांचा नियम. डोळ्यांत औषध घातल्यामुळे आजीला समोरचं दिसत नव्हतं. वीसेक मिनिटांनी तिने फक्त माझा खांदा धरला. मागे वळून बघितलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि लुगडं घामाने भिजलं होतं. काचा उघडल्या, बाहेरची छत्तीस अंशांची हवा आत आली आणि ती आतल्यापेक्षा गार लागली. आजीला लिंबू सरबत पाजून घरी आणलं. ती रात्री म्हणाली, ‘तुमच्या त्या थंड मशीनपरीस रिक्षा बरी.’ २२०० रुपयांचा तिसरा गॅस भरून तेव्हा बरोबर अकरा दिवस झाले होते.

त्यानंतर मी पहिल्यांदा गाडी शिवाजी उद्यमनगरात नेली. एका मित्राच्या फाउंड्रीतल्या फोरमनने पत्ता दिला होता. आत गल्लीत, दोन लेथच्या मधे एक शटर, बोर्डही धड नाही. मिस्त्री पन्नाशीचे. त्यांनी गाडीकडे बघायच्या आधी मला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, ‘कवा गार करत न्हाई?’ कधी, हा प्रश्न. दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा. मी हायवे आणि सिग्नलची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘मग अर्धं काम तुमीच केलंय की.’

इंजिन चालू, एसी पूर्ण, ब्लोअर तीनवर. जाळीत एक थर्मामीटर खोचला, स्वयंपाकघरात चालेल असा. एकवीस अंश. मग पुढे जाऊन पंखा बघितला. मी घाईने म्हणालो, ‘पंखा फिरतोय, आधीच्यांनीही बघितलाय.’ ‘फिरतोय तर खरं. पर ओढतोय का?’ म्हणत त्यांनी वहीचा एक कागद फाडून पुढच्या जाळीवर धरला आणि सोडला. पंखा नीट ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. आमचा कागद सावकाश खाली पडला. मग गेज लावले. खालचा दाब पासष्ट पीएसआय, वरचा सव्वातीनशेच्या वर. अशा उन्हात, पार्किंगला उभ्या गाडीत खालचा चाळीसच्या आसपास आणि वरचा अडीचशेच्या आत हवा. दोन्ही जास्त. म्हणजे गॅस कमी असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे त्यांनी जे केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पिंपातलं पाणी प्लास्टिकच्या मगात घेतलं आणि पुढच्या जाळीतून सरळ कंडेन्सरवर ओतलं. एक मग, दोन मग, तीन. वाफेचा एक फुसका आवाज. आणि गेजचा वरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली यायला लागला. तीनशे, अडीचशे, दोनशेवीस. मिनिटभरात आतलं थर्मामीटर चौदावर. पाणी वाळलं तसा काटा परत चढला. बस्स. आजार कुठे आहे हे सिद्ध झालं होतं. कंडेन्सरला गारवा मिळत नव्हता, आणि तो मगाने दिला की एसी ठणठणीत. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी इतका स्वच्छ प्रयोग बघितला नाही. ज्या रेषेला आम्ही आलेखावर नुसतं ‘२ ते ३’ म्हणायचो, ती रेषा या माणसाने मगातल्या पाण्याने खाली ओढून दाखवली.

पंख्याच्या मोटरचे कार्बन झिजले होते. फिरायची, पण निम्म्या वेगाने. मोटर बदलली. कंडेन्सरच्या पात्यांत पाचट, माती आणि मेलेल्या किड्यांचा थर होता, तो धुतला. तरी वरचा दाब अजून थोडा चढाच होता. मग त्यांनी कर्जावर घेतलेलं, सेकंडहँड रिकव्हरी मशीन लावलं आणि आतला गॅस बाहेर ओढून काट्यावर तोलला. ५८० ग्रॅम. बोनेटखालच्या स्टिकरवर ४२० लिहिलेलं. तीन प्रयोगांत आमच्या गाडीत १६० ग्रॅम जास्तीचा गॅस जमा झाला होता. म्हणजे ज्या औषधावर आम्ही साडेपाच हजार घातले, ते औषध नुसतं निरुपयोगी नव्हतं. आजार वाढवणारं होतं. पंखा पहिल्या उन्हाळ्यापासूनच मंद असणार, पण तेव्हा निदान सिग्नलवर कोमट तरी यायचं. तिसऱ्या वेळेनंतर हायवेलाही एसी मधेमधे बंद पडायला लागला होता, कारण दाब हाताबाहेर गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. आम्ही त्याला ‘गाडी जुनी झाली’ म्हणत होतो.

मग व्हॅक्युम, मग मोजून ४२० ग्रॅम. सावलीत उभ्या गाडीत, जाळीत नऊ अंश.

पुष्कळांना वाटेल, इथे गोष्ट संपली. चांगला मिस्त्री भेटला, छान झालं. माझं भांडण इथे सुरू होतं.

बिल झालं. मोटर २६००, गॅसचं काम १२००, तपासणी ३००. पप्पा तोपर्यंत येऊन पोचले होते. मोटरच्या २६०० वर ते काही बोलले नाहीत, जुनी मोटर हातात घेऊन हलवून बघितली, आवाज ऐकला, मान डोलावली. गॅसवरही काही बोलले नाहीत. ३०० वर बोट ठेवलं. ‘तपासणीचे कसले मिस्त्री? नुसतं बघायचे?’ मिस्त्रींनी एका क्षणात ते खोडलं. सवय असल्यासारखं. ‘ऱ्हाऊ दे काका.’

माझे वडील कंजूष नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. राधानगरीतून किती क्युसेक सोडले याचा हिशेब आयुष्यभर ठेवलेला माणूस. आणि महत्त्वाचं म्हणजे, आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती प्रसिद्ध गोष्ट त्यांनीच किमान चारदा पाठवली आहे. बंद पडलेलं मशीन, म्हातारा कारागीर, हातोडीचा एक ठोका, हजाराचं बिल. ठोका मारायचा एक रुपया, कुठे मारायचा हे माहीत असण्याचे नऊशे नव्व्याण्णव. खाली नमस्काराच्या इमोजी. ती गोष्ट आपल्याला आवडते, कारण तिच्यात बिल दुसरा कुणीतरी भरतो.

न शोधता भरलेल्या गॅसला तीनदा, घासाघीस न करता, मिळून ५५०० रुपये. शोधून काढलेल्या कारणाला ३०० रुपये जड. ज्या शहरात हा हिशेब चालतो तिथे गॅरेजवाला काय शिकेल? तो शिकेल की वस्तू विकायची. गॅस ही वस्तू आहे. डबा दाखवता येतो, फुसफुस आवाज येतो, गेजचा काटा हलतो, गिऱ्हाईक खूश. डोकं ही वस्तू नाही. ते बिलावर लिहिलं की खोडावं लागतं. म्हणून जे प्रामाणिक आहेत तेही तपासणीचे पैसे शेवटी मोटरच्या किमतीत लपवतात, आणि जे तसे नाहीत ते तपासणीच करत नाहीत. ‘गॅस भरून बघू’ हे गॅरेजवाल्याचं वाक्य आहे असं आपण समजतो. ते आपणच त्याच्या तोंडात घातलेलं वाक्य आहे.

मी हे अधिक चढ्या आवाजात बोलतो, कारण मी स्वतः ‘नुसतं बघायचे’ पैसे घेतो. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे कुणाच्या तरी प्रणालीत काय बिघडलंय ते शोधणं. मागच्या महिन्यात तीन दिवस घालवून मी शेवटी एक ओळ बदलली. एक ओळ. कुणी मला विचारलं नाही की एका ओळीचे तीन दिवसांचे पैसे कसले. उलट कारण कसं शोधलं याचा अहवाल लिहिला, तो वरपर्यंत फिरला, शाबासकी मिळाली. सर्व्हर नुसता रिस्टार्ट करून ‘बघू, परत आलं तर’ म्हणणाऱ्याला आमच्याकडे हसतात. वातानुकूलित खोलीत बसून निदान केलं तर ती बुद्धी, आणि उद्यमनगरात ग्रीसच्या हाताने केलं तर ते ‘नुसतं बघणं’. या फरकाला काय म्हणायचं ते आपल्याला नीट माहीत आहे, आपण ते फक्त गाडीच्या संदर्भात बोलत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप : लहान गॅरेजवाल्याला महागडी मशिनं कुठून परवडणार? रिकव्हरी मशीनच्या बाबतीत हे खरं आहे, आणि त्यासाठी कर्ज काढणाऱ्या माणसाला आपण ३०० रुपये नाकारतो हेही खरं आहे. पण आमच्या गाडीचं निदान मशीनने झालं नाही. एका प्रश्नाने, वहीच्या कागदाने आणि मगभर पाण्याने झालं. गेज तर तिन्ही आधीच्या ठिकाणी होते; लावलेही होते. फक्त ते मोजायला लावले नव्हते, गॅस आत सोडायला लावले होते. काचेच्या शोरूममध्ये तर संगणकाला जोडलेलं चकचकीत मशीन होतं. त्यानेही आत आधीचा गॅस किती आहे हे न काढता वर आणखी घातला.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे : गॅस भरल्यावर पुष्कळांना खरोखर बरं वाटतं, मग? वाटतं, कारण गाडी संध्याकाळी सातला मिळते. तेव्हा ऊन उतरलेलं असतं, रस्ता मोकळा असतो, आणि गॅस भरता भरता पोराने कंडेन्सरवर पाण्याचा पाइप मारलेला असतो. काही दिवसांनी परत दुपार येते. तोवर मे संपतो, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात पाऊस लागतो. सह्याद्रीवरून येणारा तो पाऊस जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांचे एसी एकाच रात्रीत दुरुस्त करतो, आणि श्रेय गॅसवाल्याला मिळतं.

आणि हा गॅस म्हणजे काही पाणी नव्हे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच १९८७च्या मॉन्ट्रिअल करारानंतर जुन्या आर-१२च्या जागी तो आला. पण हवा तापवण्यात तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे. आमच्या गाडीतला ४२० ग्रॅम हवेत सोडला तर तो जवळजवळ सहाशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका. अडीचशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. आमची गाडी तेवढ्यात चार हजार किलोमीटर जाईल. काचेच्या गॅरेजात जाण्याआधी, दुसऱ्या ठिकाणी, ‘थोडा जुना काढून टाकतो’ म्हणत पोराने व्हॉल्व्हची पिन दाबून काही सेकंद गॅस सरळ रस्त्यावर सोडला होता. मी समोर उभा होतो. गार फवारा हातावर घेऊन बघितला, मजा वाटली. २०१६ साली किगालीत जगभरच्या देशांनी हे वायू कमी करत नेण्याचं ठरवलं; भारतानेही २०२१ मध्ये ते मान्य केलं, आपली वाढ २०२८ला थांबायची आहे. युरोपात २००६ पासूनचा नियम असा की गाडीतून गॅस गळत असेल तर गळती दुरुस्त केल्याशिवाय नवा भरायचाच नाही. अमेरिकेत पैसे घेऊन गाडीच्या एसीला हात लावणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं आणि गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे. तिकडे सगळे शहाणे राहतात असं नाही. ‘भरून बघू’ हे वाक्य तिथे नियमातच बसत नाही, एवढंच.

मला सर्वांत जास्त टोचतं ते हे की हे कोल्हापुरात व्हावं. या गावात बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. या गावाच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत शेकडो फाउंड्र्या आहेत. तिथे भट्टीतला रस ओतण्याआधी त्याचं तापमान मोजतात, त्यात काय किती टक्के आहे ते तपासतात, आणि चुकलेलं कास्टिंग कापून आतलं छिद्र कुठून आलं ते शोधतात. ‘अजून थोडं लोखंड घालून बघू’ म्हणणारा माणूस तिथे दुपारपर्यंत टिकणार नाही. तोच फोरमन संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजला जातो तेव्हा मात्र मोजमाप घरी ठेवून जातो.

मी उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींकडे दुसऱ्या दिवशी एकटा गेलो आणि ३०० रुपये देऊ लागलो. त्यांनी घेतले नाहीत. मी हट्ट केला, तेव्हा म्हणाले, ‘बिलावर ल्हिवून द्या म्हणलं तर देतो, पर पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवू नगा.’ मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. तपासणीचे पैसे लावतो असं गल्लीत झालं की गिऱ्हाईक शेजारी जातं, शेजारी फुकट बघतात आणि गॅस भरतात. त्यांनी छापील पावतीवर ‘एसी तपासणी ३००’ लिहिलं. ती पावती पप्पांनी गाडीच्या खणात, पीयूसीच्या मागे ठेवली आहे. काढून टाकलेली नाही. त्यावर बोललेलेही नाहीत.

यंदा एप्रिलच्या शेवटी इचलकरंजीहून मामाचा फोन आला. त्यांची गाडी सिग्नलला गरम हवा टाकतेय. मी उत्साहाने सुरू झालो : पंखा बघा मामा, कागद धरा जाळीवर, मगभर पाणी मारा कंडेन्सरवर आणि बघा गार होतंय का.

‘अरे सकाळीच गॅस भरून आणलाय,’ मामा म्हणाले. ‘अठराशे घेतले.’

‘किती ग्रॅम भरला?’

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, ‘ग्रॅम? पूर्ण भरलाय म्हणाला की.’